सगळ्या युरोपचा पास आणि एक बारसं

नगर

भूगोल शिकवणाऱ्या बाईने परदेश पाहिलेला नसणं यात नवल काही नाही. आमच्या गावाकडे पोहायला शिकवणारे एक काका होते, तेही विहिरीच्या काठावर बसूनच शिकवायचे. मीसुद्धा नगरच्या मुलींच्या शाळेत इतकी वर्षं युरोप काठावरूनच शिकवला. आल्प्सवर छडी टेकवायची, ऱ्हाइन नदीवरून ती वर समुद्रापर्यंत न्यायची आणि म्हणायचं, "लिहून घ्या." त्यामुळे एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खरंच तिकडे जाणार हे नक्की झालं, तेव्हा माझ्या अंगात वारंच शिरलं. शाळेतला नकाशा मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारून घरी आणला आणि जेवायच्या जागेवर अंथरला. आम्ही आठवडाभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जेवलो.

जायचं कारण होतं बारसं. माझा धाकटा भाऊ भास्कर नगरच्या एका वर्कशॉपात इंजिनं खोलता खोलता बोटीवर इंजिनियर झाला आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्ग या बंदराच्या गावी घर करून राहिला. बायको तिथलीच, बिर्गिट. थंडीत त्यांना मुलगी झाली. आता आमच्याकडे बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाला पाळण्यात घालायचं आणि आत्याने कानात नाव सांगायचं. भास्करने कळवलं, की आत्या येईपर्यंत मुलीला नाव नाही, सरकारी कागदावरही सध्या नुसतं "मुलगी" असं लिहिलंय. मे महिन्यातल्या एका रविवारी बारसं ठरलं. सोमवारी त्याचं जहाज सुटणार होतं, ते पावसाळा सरल्यावरच परत येणार.

मी लग्न केलेलं नाही. भाऊ एकच. म्हणजे हा मान माझ्या वाट्याला बहुधा एकदाच यायचा होता आणि तो मी कुणालाही देणार नव्हते, हे इथेच सांगून टाकते.

विमान रोमपर्यंत घ्यायचं आणि पुढे रेल्वे, हे मी परस्पर ठरवून टाकलं. आल्प्स विमानातून ओलांडायचा म्हणजे पाहुण्यांच्या दारावरून हात हलवत निघून जाण्यातला प्रकार. मुंबईला फोर्टातल्या एका एजंटाच्या कचेरीत गेले. तिथले गृहस्थ फार सज्जन. त्यांनी तीन रस्ते समजावून सांगितले. एक, रोम ते गोथेनबर्ग सलग तिकीट. वाटेत उतरता येतं, पण मार्ग ठरलेला. दुसरा, एकेका देशाचे वेगवेगळे पास. आणि तिसरा, ज्याचं पत्रक त्यांनी जरा बिचकतच पुढे सरकवलं, तो सगळ्या युरोपचा एकच पास. तेरा देश. मुदतीत कुठल्याही गाडीत बसा, कितीदाही बसा, आणि तेही पहिल्या वर्गात. शिवाय हा पास खुद्द युरोपात मिळतच नाही. बाहेरच्या माणसाने घरून निघतानाच तो घ्यायचा.

"तुम्हाला एकाच गावी जायचंय ना, बाई?" ते म्हणाले. "मग सलग तिकीट घ्या. स्वस्तात काम होईल."

"यात इंग्लंड दिसत नाही," मी पत्रकातला नकाशा बघत म्हटलं.

"नाही. इंग्लंड या पासात नाही."

"नसू दे. त्यांना आपण दीडशे वर्षं पाहिलंय."

ते हसले आणि त्यांनी पासाचे कागद काढले. दोनच गोष्टी बजावल्या. पहिल्या स्टेशनावर शिक्का मारला की मुदत सुरू होते, आणि पास हरवला तर दुसरा मिळत नाही. परवानग्यांसाठी पुढे जे हेलपाटे घातले, त्यांत वाचणाऱ्याचा वेळ घालवत नाही.

आई कर्जतजवळच्या आमच्या वस्तीवरून आली तेव्हा मी जमिनीवर गुडघे टेकून नकाशावर लाल लोकरीचा धागा लावत होते. दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, जनावरं सोडून येणं जमणार नव्हतं, म्हणून आईच माझ्याबरोबर निघणार होती. तिने घुगऱ्यांसाठी घरचे हरभरे आणले होते, बाळासाठी जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी शिवली होती. ती सगळं खाली ठेवून नकाशाशी बसली.

"ही रेघ कशाची?"

"आपल्या गाडीची."

"आन भास्कर कुठं ऱ्हातो?"

मी अगदी वर बोट ठेवलं.

"मंग ही रेघ खाली कुनीकडं चाललीया?"

"तो स्पेन."

"तितं आपलं कोन हाय?"

"कुणी नाही. अगं पास आहे, आई! कितीही फिरलं तरी पैसे तेवढेच. वसूल नको का करायला?"

"यस्टीच्या कंडाक्टरला बी फुकाट फिराया मिळतंय. त्यो काय सुट्टीच्या दिशी गाडीत जाऊन बसतो व्हय?" आई म्हणाली. "आदी बारसं कर. मंग हुंदड किती हुंदडायचं ती."

शेवटी तडजोड झाली. स्पेन गेला, व्हिएन्ना गेलं, पॅरिस बारशानंतरवर ढकललं. इटली आणि स्वित्झर्लंड वाटेवरच पडत असल्यामुळे वाचले. पण "वसूल" हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

रोमहून ल्यूसर्न

रोमच्या विमानतळावर हरभऱ्यांची पिशवी पाहून तिथल्या अधिकाऱ्याने एक दाणा दाताखाली धरला आणि मान डोलवली. हळद मात्र त्याला पटेना. आईने सरळ चिमूटभर काढून आपल्या तळहातावर घासून दाखवली. त्याने स्वतःचा हात पुढे केला. तिने त्यालाही लावली. पिवळा हात घेऊन त्याने आम्हाला सोडलं आणि दुसऱ्या हाताने सलाम ठोकला.

पासावर शिक्का बसला आणि मी सुटले. फ्लॉरेन्स आलं, उतर. बोलोन्या आलं, उतर. आई बिचारी गोधडीचं बोचकं काखोटीला मारून माझ्यामागे चढत उतरत होती. पास आणि पासपोर्ट मात्र तिने माझ्याकडून काढून घेतले होते. "तुजं ध्यान भिताडावरच्या चित्रात," असं म्हणून तिने ते कापडी बटव्यात घालून कमरेला खोचले. तिकीट तपासनीस आला की ती पाठमोरी व्हायची, बटवा सोडायची आणि पास काढून द्यायची. तो तोवर अदबीने खिडकीबाहेर बघत उभा राहायचा.

पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे लाल मखमल आणि मुकेपण. सहाजणांच्या खणात चौघं बसलेली असतात आणि कुणी कुणाला कुठं निघालात हेसुद्धा विचारत नाही. नगर ते पुणे एवढ्या प्रवासात आपल्याकडे समोरच्याच्या सोयरिकीपर्यंत माहिती होते. आईला ते मुकेपण सहन होईना. तिने चपला काढल्या, मखमलीवर मांडी घातली आणि समोरच्या इटालियन गृहस्थांना धपाटा देऊ केला. वर हिरव्या मिरचीचा खर्डा. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी घास घेतला होता. त्यांचं तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग त्यांनी आणखी एक मागून घेतला. मिलानपर्यंत त्यांच्या तिन्ही मुलींचे फोटो आमच्या हातात आले होते.

मिलानच्या पुढे डोंगर सुरू झाले. आल्प्सबद्दल मी मुलींना जे शिकवलं होतं त्यातलं काही चूक नव्हतं. पण गाडी वळणं घेत चढायला लागली, एकच ख्रिस्ती देऊळ एकदा डोक्यावर, एकदा समोर आणि एकदा पायाखाली दिसलं, आणि वर पांढरंशुभ्र बर्फ उन्हात चमकलं, तेव्हा मी खिडकीची काच खाली ओढली आणि मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. थंड वारा तोंडावर आला, डोळ्यांना धार लागली. आईने मला मागून पदर पकडून धरलं होतं. छडी टेकवायची जागा एवढी उंच असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

ल्यूसर्नला मात्र पासाने मला फसवलं. डोंगरावर चढणारी दातेरी रुळांची इवलीशी गाडी होती. मी ऐटीत पास दाखवला. खिडकीतल्या मुलीने गोड हसून सांगितलं की डोंगरावरच्या गाड्या खाजगी, इथे हा चालत नाही. तळ्यातल्या बोटीवर चालेल. मला फार राग आला. आईला आनंद झाला. बोट आरशासारख्या पाण्यावरून निघाली, चहूबाजूंनी शिखरं, आणि आई कठड्याला टेकून समाधानाने म्हणाली, "आपल्या सिद्धटेकच्या नावंवानीच हाय की! पर हितं पानी नावंत येत न्हाई."

फ्रँकफुर्ट

शनिवारी सकाळी बाझेलहून हॅम्बुर्गची गाडी धरली. हा शेवटचा मोठा टप्पा. पुढे डेन्मार्क, मग स्वीडन, आणि रविवारी बारसं. आमच्या खणात लाल टोपी घातलेली एक जर्मन म्हातारी होती, हॅम्बुर्गला निघालेली. तिच्या हातात विणकाम आणि आईच्या मांडीवर गोधडी. दोघींनी एकमेकींच्या टाक्यांची पाहणी सुरू केली. म्हातारी जर्मनमध्ये बोलत होती, आई कर्जतच्या बोलीत उत्तरं देत होती, आणि दोघींचं अगदी व्यवस्थित चाललं होतं.

फ्रँकफुर्टच्या स्टेशनात गाडी शिरली आणि रूळ संपले. समोर भिंतच. म्हणजे इथून गाडी उलटी निघणार. मी खिडकीतून पाहिलं, तर आमचं इंजिन सोडवत होते.

आता जो नगरचा माणूस आहे त्याला हे दृश्य पाहून काय वाटेल, ते मी नगरकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आमच्याकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला उलटी होते. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. त्यात निदान अर्धा तास जातो. तेवढ्यात अख्खी गाडी खाली उतरते. पाणी भरून होतं, भजी खाऊन होतात, ओळखीचे लोक भेटतात, एखादं भांडण होऊन मिटतंसुद्धा. दौंडला डब्यात बसून राहतो तो आजारी तरी असतो किंवा बाहेरगावचा.

मी थर्मास उचलला. "इंजिन बदलतायत. चहाला गरम पाणी आणते," असं आईला म्हटलं. तिनेही मान हलवली. "फलाटावरचं केळं मिळालं तर बघ," म्हणाली. तीही नगर जिल्ह्यातलीच.

पाणी मिळालं. केळी मिळाली. एका दुकानात चित्रांची कार्डंसुद्धा बघून झाली. डौलात परत आले तर फलाट रिकामा होता.

तिकडे जुनं इंजिन इकडे आणून जोडतच नाहीत. नवं इंजिन दुसऱ्या टोकाला तयार उभंच असतं. ते टेकलं, जोडलं आणि निघालं. मी तिथे थर्मास आणि केळी घेऊन उभी. पास नाही, पासपोर्ट नाही, सामान नाही. सगळं आईच्या कमरेला. आणि आई, जिला कर्जत ते नगर यस्टीतसुद्धा आम्ही कधी एकटं पाठवलं नाही, ती परदेशात एकटी डेन्मार्कच्या दिशेने निघालेली. खरं सांगायचं तर मी तिथेच फलाटावर मोठ्याने रडले.

निळ्या कोटातल्या एका बाईंनी मला आत कचेरीत नेलं. त्यांना इंग्रजी येत होतं.

"आईंना जर्मन येतं?"

"नाही."

"इंग्रजी?"

"नाही. मराठी येतं."

त्यांनी फोन उचलला. हॅनोव्हरच्या स्टेशनाशी बोलून त्यांनी ठरवलं ते असं. गाडी तिथे पोचायच्या वेळेला मी इकडून फोनवर बोलायचं आणि तिकडचा माणूस फोन कर्ण्याच्या माइकसमोर धरणार. मधला वेळ मी कसा काढला ते मलाच माहीत. बाईंनी खुणावलं आणि मी फोन दोन्ही हातांनी धरून ओरडले, "आई, मी इंदू! घाबरू नकोस. आहेस तिथे खाली उतर. मी मागच्या गाडीने येतेय. आई, उतर गं!" हॅनोव्हरच्या फलाटावर त्याआधी मराठी कधी घुमलं असेल असं वाटत नाही.

मग बराच वेळ तिकडून काही येईना. शेवटी बाईंनी ऐकून घेतलं, त्यांच्या भुवया वर गेल्या.

"तुमच्या आईंनी खिडकीतून सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या. "मग दोन्ही हात हलवून नाही म्हणाल्या. आमच्या माणसाच्या हातात एक पुडकं दिलं. आणि गाडी गेली."

"गेली? आणि आई?"

"गाडीतच आहेत. त्यांच्याबरोबर लाल टोपीच्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, हॅम्बुर्गला मी त्यांना बोटीच्या गाडीत बसवून देईन."

मला इतका राग आला! आणि रागाच्या पाठोपाठ असा अभिमान वाटला की पुन्हा रडू आलं. बाईंनी तिथूनच भास्करला फोन लावून दिला. तो कोपनहेगनला येऊन आईला उतरवून घेणार होता. "आणि तू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बारशाला थांबा. मी येतेय."

कोटातल्या बाईंनी चिठ्ठी लिहून दिली, तिच्यावर हॅनोव्हरपर्यंत आले. पुडकं माझी वाट पाहत होतं. आत माझा पास, माझा पासपोर्ट, आणि फडक्यात गुंडाळलेला खर्डा लावलेला धपाटा. आईला अक्षरओळख नाही, पण लेकीच्या तोंडाची ओळख आहे. फोटो बघून तिने माझं तेवढं बरोबर वेगळं काढलं होतं. त्या दिवशीची पुढची गाडी कोपनहेगनपर्यंत जात नव्हती. मुक्काम पडला.

समुद्रावर

रविवारी सकाळी जर्मनीच्या टोकाला आमची गाडी बोटीत शिरली. होय, आख्खी गाडी, रुळांसकट! बोटीच्या पोटातच रूळ टाकलेले असतात. डबे आत गेले, दार लागलं आणि बोट हलायला लागली. पुस्तकात एक ओळ असते याच्यावर. मी ती ओळ शिकवली होती, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. सगळे प्रवासी वर डेकवर निघाले. मी जागची हलेना. तपासनीसाने दोनदा सांगितलं की बोट सोडून गाडी कुठेही जाऊ शकत नाही. शेवटी त्याने स्वतः माझ्या जागेवर टोपी ठेवून खात्री दिली, तेव्हा वर गेले. निळं पाणी, बोचरा वारा, बोटीमागून येणारे पांढरे पक्षी. एवढ्या आनंदातही मी सारखी सूर्याकडे बघत होते. बारसं दुपारी होतं.

गोथेनबर्ग

गाडी पोचली तेव्हा दुपार टळून गेली होती. भास्कर फलाटावर उभा होता. अंगात गणवेश, हातात बॅग. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ताई, जहाज आजच सुटतंय. माल लवकर भरून झाला. मला निघायला हवं."

"आणि बारसं?"

"झालं."

मी मटकन बाकावर बसले.

"आईने थांबवून धरलं होतं," तो म्हणाला. "फार वेळ धरलं. पण मग जहाजावरून बोलावणंच आलं. आई म्हणाली, बाप घरात असताना होऊ दे. ती तिथे हॅनोव्हरला उतरली असती ना, ताई, तर आज वेळेला कुणीच नसतं. तुम्ही येईपर्यंत मीही निघालेलो असतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. "नाव काय ठेवलं?" मी विचारलं.

"ते आई सांगेल. मला मनाई आहे." त्याने मला जवळ घेतलं. त्याच्या अंगाला हळदीचा वास येत होता. मग मला टॅक्सीत बसवून तो दुसऱ्या टॅक्सीने बंदराकडे गेला. इतक्या वर्षांनी भेटलेला भाऊ मला तेवढाच मिळाला.

घरात कॉफीचा वास होता. शेजारच्या तीन-चार स्वीडिश बाया कपबशा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि चमच्याने घुगऱ्या खात होत्या. आई नवं हिरवं लुगडं नेसून पाळण्याची दोरी ओढत होती. माझ्याकडे बघून तिने फक्त "आलीस?" म्हटलं. मी दाराशीच उभी राहून चपला काढत राहिले. मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. मान गेला तो गेलाच होता.

तेवढ्यात बिर्गिट हळूच म्हणाली, "इंदू."

"काय?" मी मान वर केली.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. पाळण्यात बघत होती.

मी आईकडे पाहिलं. आई दोरी ओढत राहिली.

"जहाज काय तुज्यापायी थांबतंय व्हय?" ती म्हणाली. "म्हनलं, पोरीला बापाच्या म्होरं नाव मिळू दे. तू न्हाई येळंला आलीस, तर तुजं नाव तरी येळंला येऊ दे."

चप्पल हातातच होती.

"कानात मातुर कुनी न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "त्यो मान तुजा हाय. ये हिकडं."

मी पाळण्यावर वाकले. आत भास्करच्या कपाळाची, बिर्गिटच्या डोळ्यांची एवढीशी मुलगी गोधडीवर पडून माझ्याकडे टकमक बघत होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं आणि माझंच नाव तिला सांगितलं. आणि लगेच माझ्या पाठीत धपाधप बुक्क्या बसायला लागल्या. आत्या नाव सांगते तेव्हा बायकांनी तिला पाठीत मारायचं असतं, हे आईने त्या सगळ्यांना नीट शिकवून ठेवलं होतं. शेजारणी बेताने मारत होत्या. बिर्गिटने बऱ्यापैकी जोर लावला. आईने मात्र दोन दिवसांची सगळी काळजी त्या एका बुक्कीत घातली.

मी पाठ चोळत, हसत, डोळे पुसत उभी राहिले.

"नाव पुन्हा सांगितलं तर पुन्हा मारतात का गं?" मी आईला विचारलं.

"मारत्यात की."

मी पुन्हा वाकले.